दुबईत राहून हिंडलग्यात प्लॉट घ्यायचा आहे, कागद कुठले बघावेत?

प्रश्न

नमस्कार मंडळी. बेळगावजवळ हिंडलगा ग्रामपंचायत हद्दीत ३० बाय ५० चा प्लॉट बघितलाय, किंमत ४० लाख सांगतात. माझा पासपोर्ट भारतीयच आहे. रजिस्ट्रीला येणं जमणार नाही, म्हणून बेळगावातल्या थोरल्या भावाला मुखत्यारपत्र द्यायचा विचार आहे. एजंट सोबत खानापूरकडची २० गुंठे शेतीही सुचवतोय. म्हणतो, कर्नाटकात आता शेती कुणीही घेऊ शकतो, अडचण वाटली तर भावाच्या नावावर करा. हे खरं आहे का?

उत्तर १

शेतीचं आधी सांगतो, कारण पैसे बुडतात ते तिथेच. २०२० च्या दुरुस्तीनं राज्यानं बिगरशेतकऱ्याला शेती घ्यायची मोकळीक दिली, इथपर्यंत एजंट बरोबर आहे. तुम्हाला अडवतो तो केंद्राचा फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा. परदेशात राहणाऱ्याला घर, दुकान, बिनशेती प्लॉट घेता येतो. शेती, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशानं आलेली शेती मात्र ठेवता येते.

भावाच्या नावावर घेण्याचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं असा व्यवहार बेनामी ठरतो. बेनामी कायद्यात बायको-मुलांच्या नावे घ्यायला सूट आहे. भावंडांच्या बाबतीत ती सूट दस्तात सहमालक म्हणून तुमचंही नाव असेल तरच मिळते. शेतीच्या दस्तात नाव घातलंत तर फेमा मोडतो, नाही घातलंत तर बेनामी ठरते.

आता प्लॉट. पंचायत हद्द आहे, तेव्हा पहिल्यांदा ई-स्वत्तूचा (पंचायत हद्दीतल्या मालमत्तांची ऑनलाइन नोंद) नमुना ९ आणि ११-अ मागा. हातात ११-ब ठेवला तर ते मंजूर लेआउटमधलं नाही असं समजा. बँकही तिथे कर्जाला हात आखडते. मग मूळ सर्व्हे नंबरचा जिल्हाधिकाऱ्यांचा एन.ए. (बिनशेती) आदेश आणि बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) मंजूर नकाशा घ्या. नकाशातला प्लॉट नंबर, मापं आणि चतुःसीमा दस्ताशी जुळवा. लेआउटची कामं पुरी होईपर्यंत बुडा काही प्लॉट अडकवून ठेवते, म्हणून तुमचा प्लॉट रिलीज झाल्याचं पत्रही बघा. १०० रुपयांच्या बाँडवर गुंठे विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या कागदानं मालकी येत नाही.

ईसी, म्हणजे मालमत्तेवरचे नोंदणीकृत व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला, नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर निघते, पण संगणकावरची नोंद २००४ पासूनची. त्याआधीची सब-रजिस्ट्रार ऑफिसातून काढायला लावा. ईसी कोरी आली म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण कोर्टातला दावा आणि बाँडवरचा व्यवहार बहुधा तिथे दिसत नाही. विकणाऱ्याच्या नावानं ई-कोर्ट्सवर शोध घ्या, आणि मराठी-कन्नड दोन्ही पेपरांत जाहीर नोटीस द्या.

जमीन वडिलोपार्जित असेल तर वंशावळ मागा आणि बहिणींच्या सह्या आहेत का ते बघा. कर्नाटकात मुलींना १९९४ पासूनच हक्क आहे, केंद्राची दुरुस्ती २००५ ची. लग्न होऊन कोल्हापूर-गडहिंग्लजकडे गेलेल्या बहिणीची सही राहून जाते आणि पुढे दावा पडतो. एखादी जमीन सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली असेल, तर १९७८ च्या कायद्यानं सरकारी परवानगीशिवायची विक्री रद्द ठरते. म्हणून जुने फेरफार वाचलेच पाहिजेत. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे जुने कागद मराठीत, काही मोडीत, आणि पुढचे कन्नडात. हे सगळं वाचू शकणारा वकील धरा.

उत्तर २

मुखत्यारपत्राबद्दल. जनरल नको, याच प्लॉटपुरतं विशेष करा. त्यात सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा घाला. भावाला दस्तावर सही करणं, तो नोंदणीला सादर करणं, अंगठा-फोटो देणं आणि खाता (पंचायतीच्या दफ्तरातली मालकाची नोंद) बदलून घेणं एवढेच अधिकार लिहा. विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार लिहू नका. भावावर कितीही विश्वास असला तरी कागद कागदासारखाच असावा.

सही दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर करा. मूळ प्रत बेळगावात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. ही मुदत लोक हमखास चुकवतात. स्कॅन कॉपीवर नोंदणी होत नाही. सुट्टीत येऊन इथेच करणार असाल तर नुसत्या नोटरीवर भागवू नका, सब-रजिस्ट्रारसमोर करून घ्या.

आणखी एक, पॅन, आधार, पासपोर्ट आणि मुखत्यारपत्र यांवर नाव सारखंच हवं. कन्नड लिप्यंतरात आडनावाचं अक्षर बदललं की खाता बदलताना हेलपाटे पडतात.

उत्तर ३

खर्चाचा हिशोब असा. ४० लाखांवर मुद्रांक ५ टक्के म्हणजे २,००,०००. त्या शुल्कावर १० टक्के सेस २०,०००, पंचायत हद्दीत ३ टक्के सरचार्ज ६,०००. नोंदणी फी ऑगस्ट २०२५ अखेरीपासून २ टक्के झाली, ती ८०,०००. एकूण ३,०६,०००. सरकारी दरानं किंमत जास्त निघाली तर शुल्क त्या रकमेवर लागेल, तेव्हा तो दर आधी बघून ठेवा.

पैसे तुमच्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीच्या) बँक खात्यातून थेट विकणाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या. आधी भावाच्या खात्यात टाकून त्याच्या चेकनं दिले, तर पुढे प्लॉट विकून रक्कम बाहेर नेताना ती परदेशातून आल्याचा पुरावा जुळत नाही. रोख तर अजिबात नको.

विकणारा भारतातच राहतो का, हेही विचारा. राहत असेल तर ५० लाखांच्या खाली टीडीएस नाही. तोही परदेशात असेल तर रक्कम कितीही असो, टीडीएस तुम्हालाच कापावा लागतो, आणि दर पुष्कळ जास्त असतो. दर कमी हवा असेल तर त्यानं आयकर खात्याकडून तसा दाखला आणायचा, आणि तोही इसार देण्याआधी.