चर्चच्या छपरासाठी निधी: घरोघरी जाऊन कसं मागावं?

नमस्कार. म्हापशाजवळ आमची मराठी उपासनेची छोटी मंडळी आहे, घरं साधारण साठ. छपराचे वासे वाळवीने पोखरलेत. पावसात वेदीच्या डाव्या बाजूला बालदी ठेवावी लागते. खर्चाचा अंदाज 9 लाख, जमलेत सव्वादोन. जूनआधी काम व्हायलाच हवं.

तीन रविवार उपासनेनंतर आवाहन केलं, पाकिटं वाटली, व्हॉट्सअ‍ॅपवर वाशांचे फोटो टाकले. देणारी तीच पंधरा घरं. देणगीदारांची यादी फलकावर लावा असं काहीजण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. हातावर पोट असलेली माणसं मग रविवारी यायचीच बंद होतील. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या नातेवाइकांकडून घेता येत नाही, कारण ते आता परदेशी नागरिक, आणि आमची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नाही. (भारतीय पासपोर्टवर परदेशात असलेल्यांचं चालतं, त्यांना कळवलंय.) देणगीवर आयकरात मिळणारी 80जीची सवलतही नाही. लॉटरीला पाळकांचा विरोध आहे.

आता घरोघरी जायचं ठरतंय. दरमहा 200 रुपयांसारखी छोटी रक्कम सुचवावी, की एका वाशाचा खर्च सांगून दोन-तीन घरांनी मिळून तो उचलावा असं म्हणावं? आणि ज्यांना खरंच जमत नाही त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून बोलायला सुरुवात कशी करता तुम्ही?