९ आठवड्यांचं पिल्लू, चौथा मजला, मे महिना: शू-शीची सवय कोणत्या पद्धतीनं लावावी?

मनीषनगर_चौथा_मजला
नमस्कार. लॅब्रॅडॉरचं पिल्लू आहे, मादी, वय ९ आठवडे. मी आणि हे साडेनऊला निघतो, परतायला सहा. दिवसभर घरी सासूबाई असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. दर तासाला लिफ्टनं खाली नेणं त्यांना होणार नाही. पहिली लस झाली आहे. सगळ्या होईपर्यंत खाली जमिनीवर सोडू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय.
दुकानदार म्हणतो पॅड घ्या. शेजारी म्हणतात पिंजऱ्यात ठेवा, आपोआप शिकते. काकांचं मत, थेट खाली न्या. एकच निवडायचं तर कोणतं? गॅलरी ५ बाय ८ ची, पश्चिमेकडे तोंड. सध्या सगळा कार्यक्रम हॉलमधल्या पायपुसण्यावर चालू आहे.

शेपूट_सरळ
ताई, पॅड आणि पिंजरा या दोन वेगळ्या कामाच्या वस्तू आहेत. पॅड म्हणजे करायची जागा. पिंजरा म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधे थांबायची जागा. पिंजरा घेतला तरी "शू कुठे करायची" हा प्रश्न उरतोच.

निवड पायाखालच्या स्पर्शावरून करा. साधारण याच वयात पिल्लाची आवड ठरते: पायाला काय लागलं की शू करायची. पॅड पायाला मऊ, कापडासारखं लागतं. पायपुसणं, सतरंजी, खाली पडलेली चादर, सगळं तिच्या लेखी तेच. लॅब मादी मोठेपणी २५ ते ३० किलोची होते, तेव्हा ती जाणार गवतावर किंवा मातीवर. म्हणून आजपासूनच गवत द्या. घरातली सगळी पायपुसणी महिनाभर उचलून ठेवा.

कडा तीन इंच उंच असलेला, २ बाय ३ फुटांचा प्लास्टिकचा ट्रे. एका बाजूला चार भोकं, समोरच्या बाजूखाली फरशीचा तुकडा, म्हणजे पाणी एकाच कोपऱ्यात उतरतं. तिथे खाली परात. वर नर्सरीतून आणलेली लॉनची लादी. रोज सकाळी दोन लिटर पाणी ओतून धुवायची. लघवीतल्या नत्रानं गवत पिवळं पडतं, या उन्हात दोन-तीन आठवड्यांत लादी बदलावीच लागेल. बांधकामावरची रेती फुकट मिळते म्हणून ती भरू नका. गल्लीतली कुत्री त्याच ढिगावर बसतात आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो.

पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी ट्रे ठेवू नका. प्लास्टिकचं गवत तर मुळीच नको, ते खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून ठेवता आली नाही, तर तिचे तळवे पोळणार. आत्ता ट्रे गॅलरीच्या दाराच्या आतल्या बाजूला ठेवा. पाऊस सुरू झाला की दोन दिवसांना एक फूट असा बाहेर सरकवा.

वेळा: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर ५ ते ३० मिनिटांत, खेळ थांबल्यावर, आणि हे काहीच नसेल तर जागेपणी तासाला एकदा. पट्टा लावून ट्रेवर उभं करायचं, तीन-चार मिनिटं गप्प राहायचं. काही नाही केलं तर दहा मिनिटं मांडीवर नाहीतर पिंजऱ्यात, मग पुन्हा ट्रे. बरेच लोक इथेच चुकतात. "नाही केली" म्हणून मोकळी सोडतात आणि दुसऱ्या मिनिटाला सोफ्यामागे तळं.

मोरीतला_मग
गवताचं सगळं बरोबर आहे जी, पण धुवायचा कोणी? गुडघे दुखणाऱ्या बाईनं भिजलेली लादी उचलायची? त्यात कूलर चालू राहते, घरात ओल, दार बंद. चार दिवसांत वास सुटते.

ताई, सासूबाईंना सोपी पडेल ती मोरी. जाळीपाशी दोन फुटांची खरबरीत रबरी चटई टाका. नुसत्या ओल्या टाइलवर पिल्लू घसरते, आणि लॅबच्या कमरेच्या सांध्यांना ते चांगलं नाही. शू झाली की उभ्यानं एक मग पाणी, संपलं. शीसाठी लांब दांड्याचं सूपडं आणा, वाकायचं कामच नाही. मोरीचं दार मात्र दिवसभर उघडं पाहिजे. या पद्धतीत सगळ्यात जास्त गडबड होते ती त्या बंद दारानं.

शेपूट_सरळ
मोरी सोपी आहे, मान्य. पण सहा महिन्यांनी तिला खाली नेलं की ती अर्धा तास हुंगत फिरेल, घरी येईल आणि मोरीत करेल. कायम घरातच करायची तयारी असेल तर मोरी उत्तम, लहान जातीला तर मीही तेच सुचवेन. लॅबला नाही. धुण्यावर उपाय सोपा आहे: ट्रे मोरीच्या उंबऱ्याशी ठेवा, भोकांचा उतार मोरीत. उचलायचं काहीच नाही, वरून मग ओतायचा.

मोरीतला_मग
हे जमते. कूलरच्या झोतापासून लांब ठेवा फक्त, नाहीतर वास घरभर.

पोछा_आणि_पंजा
साफसफाईबद्दल कोणीच बोललं नाही, आणि निम्मं यश त्यातच आहे. फिनाईलनं पोछा मारला की आपल्याला वास जातो, तिला जात नाही. शिवाय फिनाईल तिच्या पायाला लागतं, ती पाय चाटते, आणि ते विषारी आहे. अमोनियाचा क्लीनर तर तिला लघवीसारखाच वाटतो. एन्झाइमवाला क्लीनर घ्या, आधी कापडानं शू टिपून घ्या, मग डाग पूर्ण भिजेल इतका ओता आणि १०-१५ मिनिटं राहू द्या. ओतून लगेच पुसला तर पैसे वाया, एन्झाइमला वेळ लागतो. नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, पण फक्त टाइलवर. संगमरवर आणि कोटा फरशी त्यानं खराब होते.

जुन्या जागा नाकानं सापडत नसतील तर अंधारात यूव्ही टॉर्च मारा, सुकलेली लघवी चमकते.

आणि नाक घासणं, ओरडणं, पेपरनं मारणं बंद. तिला "इथे करू नको" हे कळत नाही, "माणसासमोर करू नको" एवढं कळतं. मग ती पलंगाखाली जाऊन करते. करताना पकडलीच तर एक टाळी, उचला, ट्रेवर ठेवा.

मनीषनगर_चौथा_मजला
ट्रे मोरीच्या उंबऱ्याशी, ठरलं. आता दोन शंका. सासूबाई १ ते ३ झोपतात तेव्हा काय? आणि उन्हाळ्यात पाणी इतकं पिते की रात्रीचं बंद करावं का?

शेपूट_सरळ
दुपारी पिंजरा बंद करू नका. या वयात दिवसा दोन तास ही वरची मर्यादा, आणि लाईट गेली, कूलर थांबला तर लोखंडी पिंजऱ्यात उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. त्याऐवजी ४ बाय ४ फुटांचं जाळीचं कुंपण त्याच उंबऱ्याला लावा: एका टोकाला झोपायची जागा, दुसऱ्या टोकाला ट्रे, मधे पाणी.

पिंजरा रात्रीसाठी, तुमच्या पलंगाशेजारी. लॅबला ४२ इंची घ्या, पण मधली जाळी लावून आत्ता एवढीच जागा ठेवा की उभी राहील, वळेल, पसरून झोपेल. मोकळा सोडला तर एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप. वापरलेला घेत असाल तर आधी साबणानं धुवा, मग ब्लीच १ भाग, पाणी ३० भाग, दहा मिनिटं, मग स्वच्छ पाणी आणि ऊन.

पाणी दिवसा कधीच तोडू नका. झोपण्याआधी दीड तास वाटी उचला. फार गरम असेल तर बर्फाचा एक खडा चाटायला द्या. गजर साधारण अडीच आणि साडेपाचला. उठवा, ट्रे, परत आत. दिवा मोठा नको, बोलायचं नाही, खेळ तर नाहीच. आठवडाभर कोरडी राहिली की पहिला गजर १५ मिनिटांनी पुढे न्या.

जेवण तीन वेळा ठरलेल्या वेळी, १५ मिनिटांनी ताट उचलायचं. दिवसभर वाटी भरलेली राहिली तर शीची वेळ कोणालाच सांगता येणार नाही.

पोछा_आणि_पंजा
मादी आहे म्हणून एक लक्षात ठेवा. दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब, जोर लावणं, लालसर रंग, किंवा चांगली शिकलेली अचानक बिघडली, तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. नमुना स्वच्छ डबीत घेऊन डॉक्टरांकडे जा. पाहुणे आले की आनंदानं जी शू होते तीही वेगळी. तिला बक्षीसही नको, रागही नको. पाहुण्यांना सांगा, वाकू नका, आधी बसा.

बक्षिसाची डबी ट्रेच्या वर खिळ्याला टांगा. शेंगदाण्याएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा, शू संपल्यावर दोन सेकंदांत, तिथेच. हॉलमध्ये परत आल्यावर दिला तर तिला वाटतं हॉलमध्ये येण्याचं मिळालं. आणि सासूबाईंना आजच सांगून ठेवा, देवासमोरचे मनुके प्रेमानं द्यायचे नाहीत. कुत्र्याची किडनी जाऊ शकते त्यानं.