मदत हवी आहे: उसाच्या हंगामात साताऱ्यात संध्याकाळची सायकलची ग्रुप राइड कुठल्या रस्त्याने?

आमच्या क्लबची आठवड्यातल्या संध्याकाळची राइड पोवई नाक्यावरून निघते, माहुलीचा पूल ओलांडून कोरेगाव रस्त्याने जाऊन परत. आता कारखाने सुरू झालेत आणि सहालाच अंधार पडतो. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. बाहेर लोंबणारी उसाची वाढी अगदी हँडलजवळ आल्यावरच दिसतात. नवीन मुलांची खरंच काळजी वाटते.

सगळ्यांना मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर जॅकेट सक्तीचे केलेत, एका रांगेत चालवतो. यवतेश्वर घाटही करून पाहिला. चढताना ग्रुप फुटतो आणि उतरताना समोरच्या गाड्यांच्या अप्परने डोळे दिपतात. हायवे नकोच. सकाळची वेळ नोकरीवाल्यांना जमत नाही. टायर बारीक, त्यामुळे कच्चा रस्ताही चालत नाही.

आणखी एक अडचण: पुढच्याचा दिवा लुकलुकत असला की मागच्याला त्रास होतो, म्हणून फक्त शेवटच्याचाच लुकलुकता ठेवावा का?

आणि मुख्य म्हणजे, सहानंतर पंचवीसेक किलोमीटरची फेरी होईल असा, ऊसवाहतूक कमी असलेला डांबरी रस्ता साताऱ्याच्या आसपास कोणता? मेढ्याच्या बाजूला सध्या काय परिस्थिती आहे?