नॅस घेतला, सिंक लावलं, म्हणजे बॅकअप झाला?

शून्यएक
काल भोसरीकरांनी लिहिलं: "पंधरा संगणकांच्या टूलरूमला सर्व्हर कशाला? चार खणांचा नॅस घ्या, ८ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये टाका, क्लाउडला सिंक लावा. बॅकअपचा विषय संपला." खाली 'सहमत'ची रांग लागली आहे, म्हणून राहवलं नाही. हे वाचून उद्या कुणीतरी ऑर्डर देऊन मोकळा होईल. (नवख्यांसाठी: टूलरूम म्हणजे साचे-डाय बनवणारा कारखाना, नॅस म्हणजे सगळ्यांच्या फाइल ठेवणारा नेटवर्कवरचा डिस्कचा डबा, सिंक म्हणजे त्याची क्लाउडवर आपोआप चढणारी जुळी प्रत.)

रेड ५ म्हणजे अनेक डिस्क मिळून एक साठा करायची पद्धत; तिच्यामुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं. त्यापलीकडे काही नाही. कुणी फोल्डर उडवलं तर चारही डिस्कवरून त्याच क्षणी उडालं, आणि सिंकने दोन मिनिटांत क्लाउडवरूनही उडवलं. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइल कुलूपबंद केली की तीच फाइल इमानदारीने वर चढते.

बरं, डिस्क मेल्यावर काय? नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करायला (रिबिल्ड) उरलेल्या तिन्ही डिस्क, म्हणजे २४ टीबी, शेवटच्या सेक्टरपर्यंत (डिस्कवरच्या छोट्यातल्या छोट्या तुकड्यापर्यंत) वाचायच्या. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दहाच्या चौदाव्या घाताइतक्या बिट्समागे एक न वाचता येणारा सेक्टर धरलेला असतो, म्हणजे १२.५ टीबीमागे एक. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या निघतात, मान्य. पण चारही एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतात आणि सारख्याच झिजतात. रिबिल्ड चालू असताना दुसरी मेली की सगळं गेलं. १५० एमबी प्रतिसेकंदाने ८ टीबीची रिबिल्ड पंधरा तासांची. लोक काम करत असले तर दोन दिवस धरा.

त्यामुळे रेड ६ (कुठल्याही दोन डिस्क मेल्या तरी चालतं) किंवा रेड १० (डिस्कच्या जोड्या, प्रत्येक जोडीतली एक मेली तरी चालतं). जागा २४ ऐवजी १६ टीबी मिळेल, मिळू दे. आणि दुसरा नॅस, वेगळ्या खोलीत. त्याने पहिल्याकडून डेटा *ओढायचा*, फक्त वाचण्याचा हक्क असलेल्या खात्याने. पहिल्याला दुसऱ्याचा पासवर्ड माहीत नको, दुसरा डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सामाईक लॉगिनमध्ये, नको. पहिला हातचा गेला तरी दुसऱ्यावरचे स्नॅपशॉट (त्या-त्या वेळच्या गोठवलेल्या प्रती) राहतात: तासाचे २४, दिवसाचे ३०, महिन्याचे १२.

भोसरीकर
माझं अर्धंच वाक्य उचललंत. क्लाउडवर जुन्या आवृत्त्या राहतात, हे का सांगत नाही? आणि हा सगळा डोलारा सांभाळणार कोण? अशा कारखान्यात आयटीचा माणूस म्हणजे अकाउंटंट किंवा ज्याला प्रिंटर दुरुस्त करता येतो तो.

गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीकडे पाच पद्धतींचे बॅकअप होते. ३१ जानेवारी २०१७ ला चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस उडवला गेला, तेव्हा त्या पाचांतली एकही वेळेवर कामी आली नाही. डेटाबेसची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती म्हणून तो कधीपासून फसत होता, आणि फसल्याचे मेल वाटेतच नाकारले जात होते. वाचवलं ते हाताने काढलेल्या सहा तास जुन्या स्नॅपशॉटने. थर वाढवले की सुरक्षा वाढते हा तुमचा भ्रम आहे. न बघितलेल्या चार थरांपेक्षा रोज बघितलेला एक बरा.

शून्यएक
गिटलॅबचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे परत आणून बघण्याची सवय नव्हती, म्हणून फसलं.

आवृत्त्यांबद्दल: गूगल ड्राइव्हवर कॅडसारख्या (संगणकावरच्या ड्रॉइंगच्या) फाइलची जुनी आवृत्ती ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या, एवढाच भरवसा. टूलरूममध्ये रिपीट ऑर्डर सहा-आठ महिन्यांनी येते. असेंब्ली, म्हणजे सगळे पार्ट जोडलेलं ड्रॉइंग, उघडता आणि एक पार्ट फाइल शून्य केबीची निघते. ती कधी खराब झाली? एप्रिलमध्ये. आज नोव्हेंबर.

आणि एकमेकांची नक्कल ठेवणं म्हणजे बॅकअप असं वाटत असेल तर २७ जून २०१७ आठवा. नॉटपेट्या या व्हायरसमुळे आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. मर्स्कचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांशी सिंक होते, त्यालाच बॅकअप मानलं होतं, आणि व्हायरसने सगळे एकदम पुसले. घानातला एक तेवढा वाचला, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती.

मिलीव्होल्ट
विजेचा विषय निघालाच आहे तर बोलतो. वर एकानेही यूपीएस हा शब्द काढलेला नाही. भोसरी-चाकणला गुरुवारी सुट्टी, म्हणून रेडची तपासणी, पूर्ण बॅकअप, सगळी जड कामं बुधवारी रात्री लावलेली असतात. गुरुवारी सकाळी महावितरण दुरुस्तीला लाईट काढतं. दहा-बारा तासांची तपासणी मधेच तुटते, आणि त्या क्षणी काही लिहिलं जात असेल तर रेड ५ मध्ये डेटा एका क्षणाचा आणि पॅरिटी (मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायचा हिशेब) दुसऱ्या क्षणाची राहते. मग डिस्कला शिव्या.

भोसरीकर
यूपीएस सगळ्यांकडे असतो हो. ६०० व्हीएचा असतो, नॅस ५० वॉट खातो. त्यात सांगण्यासारखं काय?

मिलीव्होल्ट
यूपीएस असतो, पण त्याची यूएसबी केबल खोक्यात पडलेली असते. ती नॅसला लावल्याशिवाय लाईट गेली हे नॅसला कळतच नाही. दुसरं, 'बॅटरी संपत आली की बंद हो' ही सेटिंग ठेवू नका. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरचा एक डबा असतो. नवा असताना अर्धा तास देतो. दोन-तीन उन्हाळे पत्र्याच्या शेडमध्ये काढल्यावर पाच मिनिटंही नाही, आणि टक्केवारी मात्र ८० दाखवतो, मग एकदम शून्य. 'बॅटरीवर गेल्यापासून दोन मिनिटांनी बंद हो' अशी सेटिंग लावा.

मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग पिट बघा. ईडीएम (ठिणग्यांनी धातू कापणारं मशीन) आणि वेल्डिंग ज्या फेजवर आहे त्या फेजवर नॅस नको.

फीत
वीजही नको आणि नेटही नको असेल तर टेप, म्हणजे डेटा ठेवायची चुंबकीय फीत. एलटीओ-९ ची (एलटीओ टेपच्या नवव्या पिढीची) एक फीत १८ टीबीची, कपाटात ठेवली की तिला कुठलाही व्हायरस शिवत नाही. नवी फीत पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिला जुळवून घेतो, त्याला दोन तासांपर्यंत लागतात. बंद पडलं समजून बाहेर ओढू नका.

भोसरीकर
ड्राइव्हची किंमत बघितलीत का? त्या पैशात दोन नॅस येतील. शिवाय एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-६ ची फीत वाचत नाही. दहा वर्षांनी ड्राइव्ह कुठून आणायचा? आणि मिलीव्होल्ट, विषय बॅकअपचा आहे, वायरमनचा नाही. धागा भरकटवू नका.

मिलीव्होल्ट
वायरमनला कमी लेखू नका. वर रेड ५ की ६ यावर रक्त आटवताय आणि नॅस लावलाय वेल्डिंगच्या सॉकेटवर! दुसरा नॅस घेतलात तरी त्याला लाईट गेल्याची खबर नेटवर्कवरूनच मिळते. मधला नेटवर्कचा स्विच यूपीएसवर नसेल तर लाईट गेल्या क्षणी स्विच मेला, खबर पोचलीच नाही. शिवाय पहिल्या नॅसवर यूपीएस सर्व्हर चालू करून परवानगीच्या यादीत दुसऱ्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकावा लागतो. हे आठ रुपयांच्या स्विचबटणाइतकं सोपं आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

ताळेबंद
तुमचं भांडण चालू द्या, पण टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रामचं, काय? टॅली उघडी असताना रात्रीची कॉपी निघाली तर मास्टर (खात्यांच्या याद्या) एका मिनिटाचे आणि व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी) दुसऱ्या मिनिटाचे येतात. परत ठेवल्यावर डेटा रीराइट (टॅलीतली दुरुस्तीची सोय) करायला लागतो, त्यात नोंदी गळू शकतात. सगळ्यांना बाहेर काढा, टॅलीमधूनच बॅकअप घ्या, मग तो नॅसवर जाऊ द्या.

आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप *रोज*, आणि *भारतातल्या* सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. क्लाउडचा रीजन (सर्व्हर कुठे आहेत ती जागा) सिंगापूर ठेवलेला असेल तर तेवढ्याने भागत नाही.

भोसरीकर
हा रोजचा नियम पार्टनरशिपला नाही, हे पण लिहा.

ताळेबंद
बरोबर, नाही. पण वह्या हरवल्यावर जीएसटीवाले पार्टनरशिपला सोडत नाहीत.

शून्यएक
भोसरीकर, एकच हिशेब करा. ४ टीबी क्लाउडवरून परत आणायचे आहेत, लाइन १०० एमबीपीएस. पूर्ण वेग मिळाला तरी सेकंदाला १२.५ एमबी, १ टीबीला बावीस तास. चार टीबीला पावणेचार दिवस. शेजारच्या खोलीतल्या नॅसवरून गिगाबिटवर तेच दहा-अकरा तासांत येतं. चार दिवस सीएनसी मशीन उभी ठेवायची परवडते का?

भोसरीकर
ठीक आहे. परत आणण्याचा हिशेब मी केला नव्हता, तो तुमचा बरोबर. दुसरा नॅस असावा, हे मान्य. दोन खणांचा, आरशासारख्या दोन डिस्क, बस. पण पहिल्याला रेड ६ हवाच, हे मान्य नाही. बॅकअप वेगळा आहे तर रेड ५ गेला तरी दिवसभरात उभा राहतो. तो पैसा मी जादाची एक डिस्क कपाटात ठेवण्यावर घालेन.

शून्यएक
जादाची डिस्क ठेवाच, पण सीएमआर (डेटाच्या ओळी सुट्या-सुट्या लिहिणारी) आहे ना ते मॉडेल नंबरवरून तपासून. डब्ल्यूडी या डिस्कच्या कंपनीने २०२० मध्ये मान्य केलं की त्यांच्या 'रेड' (लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर (ओळी कौलांसारख्या एकमेकींवर लिहिणाऱ्या) होत्या. अशी डिस्क रिबिल्डमध्ये मधेच इतकी रेंगाळते की नॅस तिला मेलेली समजून बाहेर काढतो. रेड ५ वर तुमचं-माझं जमणार नाही, राहू दे. महिन्यातून एकदा दुसऱ्या नॅसवरची एक असेंब्ली आणि एक टॅली बॅकअप वेगळ्या संगणकावर उघडून बघायला अकाउंटंटला सांगा. तारीख वहीत लिहायची.

भोसरीकर
वहीचं जमेल. मिलीव्होल्ट, ती केबल नॅसच्या पुढच्या यूएसबीला लावायची की मागच्या?

मिलीव्होल्ट
मागच्या. पुढे लावली की कुणीतरी पेनड्राइव्ह लावायला उपटतो. लावल्यावर भिंतीतला स्विच बंद करून घड्याळ लावून बसा. दोन मिनिटांनी नॅस आपला आपण बंद झाला पाहिजे, आणि लाईट आल्यावर आपला आपण चालू. यातलं एकही झालं नाही तर इथे लिहा. आणि हे बुधवारी करू नका.