सहिष्णुतेचा पाठ आणि मिरजेचा दर्गा

इस्लामी शाळेत धर्मशिक्षणाचे तास असल्यामुळे तेथे सहिष्णुता शिकविणे अवघड जाते, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. कुराणाच्या ४९व्या सुरेतील (अध्यायातील) १३वी आयत (वचन) सांगते की माणसांच्या जमाती एकमेकांची ओळख व्हावी म्हणून निर्माण झाल्या, आणि दुसऱ्या सुरेत धर्माच्या बाबतीत सक्ती नसल्याचे स्पष्ट वचन आहे. म्हणजे आधार बाहेरून आणावा लागत नाही. मात्र आयत पाठ करून घेतली की काम झाले, असे मानणे मला अपुरे वाटते.

सांगली जिल्ह्यातील शाळेला पुढचा धडा जवळच मिळतो. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात उरुसाच्या वेळी संगीतसभा होते, ती १९३७ साली निवर्तलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ. खाँसाहेबांनी हिंदू शिष्य सवाई गंधर्वांना शिकविले आणि सवाई गंधर्वांनी भीमसेन जोशींना. याच जिल्ह्यातील कडेगावच्या मोहरमच्या उंच ताबुतांतही हिंदूंचा सहभाग असतो. दर्गा, संगीत आणि ताबूत यांविषयी मुसलमानांमध्येच तीव्र मतभेद आहेत, हे मी जाणतो; पण नेमका हा मतभेद शिक्षकाने वर्गात मोकळेपणाने मांडावा, असे मला मनापासून वाटते, कारण स्वतःच्या समाजातील वेगळे मत शांतपणे ऐकण्याची सवय लागलेल्या मुलाला शेजारच्या धर्माचे वेगळेपण समजून घेणे सोपे जाते.

हीच अपेक्षा आपण इतर सर्व धर्मीयांच्या शाळांकडूनही ठेवली पाहिजे.