कॅन चेपा, पण घरी वितळवू नका
एकांनी विचारलंय की पेयांचे चेपलेले ॲल्युमिनियमचे कॅन घरीच कोळशाच्या भट्टीत वितळवून लगडी करावी का. कृपा करून नको! ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याआधीच कॅनचा रंग आणि आतला पातळ लेप जळून घातक धूर होतो. थेंबभर पाणी धातूखाली अडकलं तर तप्त रस अंगावर उडतो. पत्राही इतका पातळ की बराचसा मळीतच (वितळलेल्या धातूवर जमणाऱ्या कचऱ्यात) जातो.

त्यापेक्षा कॅन विसळा (गोव्याच्या दमट हवेत मुंग्या लगेच लागतात), चुंबक लावून लोखंडी डबे वेगळे काढा, चेपून गोणीत भरा आणि म्हापशाच्या भंगारवाल्याला द्या. बॉक्साइटपासून (ॲल्युमिनियमच्या खनिजापासून) नवा धातू काढण्यापेक्षा कारखान्यात जुने कॅन वितळवून पुन्हा वापरण्यात सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.