दहशतवादविरोधी दक्षतेचं काम ग्रामसुरक्षा दलांना द्यावं का?

जावळीकर (धागाकर्ता)

जुलै २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला गस्तीवरच्या पोलिसांनी दुचाकी चोरीच्या संशयावरून दोघांना धरलं. चौकशीत निघालं भलतंच. ते दोघं एनआयएला, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेला, हवे होते. नंतर तपास यंत्रणांनी जे आरोप ठेवले, त्यात पश्चिम घाटातल्या जंगलांत स्फोटकांच्या चाचण्या घेतल्याचा आरोप आहे आणि पैसे उभे करायला सातारा शहरातल्या एका कापड दुकानात शस्त्राचा धाक दाखवून लूट केल्याचाही. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. पण आपल्या सातारा-सांगलीच्या डोंगरात कोणी तंबू ठोकून राहून गेलं असेल आणि खालच्या गावाला पत्ता नसेल, तर त्याचा विचार आपणच करायला हवा.

ते दोघे सापडले ते रात्रीच्या गस्तीतल्या साध्या पोलिसांना काहीतरी खटकलं म्हणून. २६/११ च्या रात्रीसुद्धा कुलाब्याच्या मच्छिमार वस्तीत डिंगीतून उतरलेल्या दहा जणांना तिथल्या कोळ्यांनी हटकलं होतं. त्या हटकण्याचं पुढे वेळेत काही झालं नाही. आज कोकण किनाऱ्यावर सागर सुरक्षा दलं आहेत. मग आपल्याकडे का नकोत? कास, महाबळेश्वर, बामणोली, कोयनेचं पाणलोट, इकडे चांदोली, मधून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग. होमस्टे वाढलेत, कोण येतं, कोण जातं, कोणी विचारत नाही.

ग्रामसुरक्षा दलं अनेक गावांत आहेत. एका कॉलवर सगळ्या गावाचे फोन वाजवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणाही आहे, पण ती चोर आणि बिबट्यापुरती. माझी सूचना: एटीएसच्या, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाच्या लोकांनी दलांना प्रशिक्षण द्यावं, पोलीस पाटलांनी महिन्याला बैठक घ्यावी आणि बाहेरून आलेल्यांची, भाडेकरूंची, होमस्टेवाल्यांची एक वही गावात असावी. कसाबला जिवंत पकडून देणारे तुकाराम ओंबळे आमच्या जावळीतल्या केडंब्याचे. त्यांच्या हातात लाठी होती. त्यांच्या तालुक्याने एवढं तरी करावं.

अपशिंगेकर

+१. फौजेत होतो, माहितीची किंमत कळते. नोंद द्यायला ज्याचं सगळं सरळ आहे त्याचं काय जातं?

विटेकर

काय जातं ते मी सांगतो.

खानापूर, आटपाडी भागातली हजारो घरं गलाईवर उभी आहेत. सोनं-चांदी गाळायला आमची माणसं तामिळनाडू, केरळपासून बंगालपर्यंत गेलीत. त्या प्रत्येक गावात ती बाहेरची. घरात अॅसिडच्या बरण्या, भट्टी, रात्री उशिरापर्यंत काम, आपसात वेगळ्याच भाषेत बोलणारी पोरं. तुमच्या दलातल्या कोणालाही खटकावं असंच सगळं. माझ्या चुलत्यांना परमुलखात शेजाऱ्याच्या सांगण्यावरून रात्रीचं ठाण्यात नेऊन बसवलं होतं. परवाना होता, भाडेकरार होता, आधारची झेरॉक्स होती. सकाळी सोडलं. पण त्याच आठवड्यात घरमालकाने खोली खाली करायला लावली आणि जमलेलं गिऱ्हाईक तुटलं. चुलते पुढे कधीही कुठल्या ठाण्याची पायरी चढले नाहीत, दुकानात चोरी झाली तेव्हासुद्धा नाही.

आता ही वही इथे आणा. शिरवळच्या कारखान्यांत बिहार-बंगालची पोरं आहेत, वीटभट्ट्यांवर आहेत, हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यातल्या एखाद्याने खरोखर काही विचित्र पाहिलं, तर ज्या गावाने त्याचं नाव संशयाच्या वहीत टाकलंय त्या गावाला तो सांगेल का? तोंड बंद ठेवेल. आणि अशा कामात पहिली कुणकुण बहुतेकदा शेजारच्या खोलीतल्याच माणसाला लागते. त्यालाच तुम्ही दूर लोटताय.

जावळीकर

विटेकर, चुलत्यांच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं. पण ते प्रशिक्षण नसल्यामुळे झालं, असं मला वाटतं. शेजाऱ्याला काय कळवायचं हे कोणी शिकवलं नव्हतं आणि ठाण्यानेही पडताळणी न करता माणूस उचलला. दल नसलं म्हणून कुजबुज थांबत नाही, ती होतेच. ती निदान शहाण्या हातात जावी.

कऱ्हाडकर वकील

मी विटेकरांच्या बाजूने आहे, आणि थोडं पुढे जाऊन बोलतो.

सप्टेंबर २००६ मध्ये मालेगावात स्फोट झाले. नऊ जणांना अटक झाली, त्यांची पाच वर्षं तुरुंगात गेली, २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत २०१५ ला बारा जणांना शिक्षा झाली आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. मालेगाव २००८ च्या खटल्यातही ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी सुटले. आरोपी वेगवेगळ्या धर्मांचे, पण या तिन्ही ठिकाणी मेलेल्यांच्या घरच्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही. एटीएस, एनआयएसारख्या यंत्रणांच्या हातून जर हे होतं, तर महिन्याच्या बैठकीत बसणाऱ्या गावच्या तरुणांकडून काय अपेक्षा ठेवायची?

दुसरं. दहशत म्हटली की आपण लगेच परक्या माणसाकडे बघतो. दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली आणि ते दोघं कुठल्या परमुलखातून आले नव्हते, महाराष्ट्रातलेच होते. तुमच्या वहीत त्यांचं नाव आलं असतं का?

आणि सप्टेंबर २०२३ मधलं पुसेसावळी विसरू नका. समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर गेला, एकाचा जीव गेला. त्या वातावरणात खटाव तालुक्यातल्या एखाद्या दलाच्या हातात बाहेरच्यांची वही असती तर काय झालं असतं, या विचाराने माझ्या अंगावर काटा येतो.

खडीवाला

नजर ठेवायचीच असेल तर मालावर ठेवा, माणसांवर नको. आमचा खाणीचा धंदा आहे. विहिरीला, खाणीला सुरुंग लावायला जिलेटिन आणि डिटोनेटर लागतात. परवानाधारकाने आलेला, वापरलेला, उरलेला माल नोंदवहीत उतरवायचा असतो, हा कायदा आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी काम झालं की उरलेल्या कांड्या शेडच्या कोपऱ्यात खोक्यात पडून असतात, वर गोणपाट, शेजारी गड्याचा डबा. कुलूप असलं तरी किल्ली खिळ्याला. वही महिनाअखेरीस एकाच पेनाने एका बैठकीत भरलेली. तपासायला येणारा माणूस वही बघतो, खोकं उघडत नाही. गावाला कोणाच्या शेडमध्ये काय आहे ते पक्कं माहीत असतं. ग्रामसभेत हा हिशेब मागायला सुरुवात करा. यात कोणाची जात-धर्म बघावी लागत नाही.

कऱ्हाडकर वकील

खडीवाले, या धाग्यातला सर्वात कामाचा मुद्दा. याला माझा पूर्ण पाठिंबा.

पोलीस पाटील, वाई तालुका

सगळे आमच्यावर काम टाकताय म्हणून लिहितो. २०२४ मध्ये मानधन पंधरा हजार झालं, ठीक आहे, पण मानधनाने माहिती मिळत नाही. गावात अनोळखी कोणी आलं तर वर कळवणं हे आमचं जुनंच काम आहे. अडचण पुढे आहे. सांगणाऱ्याचं नाव दोन दिवसांत चावडीवर येतं. कसं फुटतं कोणाला ठाऊक, पण फुटतं. मग तो माणूस मला भेटल्यावर मान वळवतो. आणि जी माहिती दिली तिचं काय झालं हे आम्हालाही कोणी सांगत नाही. खोटी निघाली, खरी निघाली, एक शब्द नाही. माणूस दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा सांगत नाही.

भिवंडीचं उदाहरण पोलिसांच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं. १९८४ च्या दंगलीत ते शहर होरपळलं. १९८८ पासून तिथले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्ही समाजांची साधी माणसं आणि ठाण्याचा पोलीस एका सतरंजीवर. डिसेंबर ९२, जानेवारी ९३ मध्ये मुंबई पेटली, शेजारची भिवंडी शांत राहिली. तिथे आधी नळाची भांडणं, दुकानांच्या तक्रारी सोडवल्या गेल्या, त्यातून ओळख झाली. आपल्याकडची शांतता समिती गणपती आणि ईदच्या आधी एकदा चहा-बिस्किटाला जमते, त्याच त्या पुढाऱ्यांची. त्यात ऊसतोडवाला नसतो, बाई तर क्वचितच.

मिरजेची सिस्टर

सगळे पकडण्यावरच बोलताहेत. घटना झालीच तर?

२५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. तिथे बॉम्ब नव्हता, चिंचोळी वाट होती, दुकानांची गर्दी होती, आग होती. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा काठावर दोर आणि लाइफ जॅकेट पुरेशी असती तर किती वाचले असते. कारण काहीही असो, पहिली वीस मिनिटं गावाची असतात. १०८ येईपर्यंत रक्त थांबवणारा हात शेजाऱ्याचाच.

७ मे २०२५ ला केंद्राने नागरी संरक्षणाचा सराव घेतला. महाराष्ट्रात सोळा ठिकाणं होती, त्यात सांगली-सातारा नव्हते. यादी संरक्षणाच्या दृष्टीने केलेली असेल, मान्य. पण यात्रेच्या मैदानावर, एसटी स्टँडवर आपण स्वतः सराव का घेत नाही? वाहत्या रक्तावर दाब कसा द्यायचा, जखमींत आधी कोणाला हलवायचं, बेवारस पिशवीला हात न लावता माणसं मागे कशी न्यायची. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्याच्या जर्मन बेकरीत टेबलाखाली ठेवलेल्या बॅगेत स्फोट झाला, १७ जण गेले. हे शिकवायला ना संशय लागतो, ना वही. ज्या परप्रांतीय पोराला तुम्ही वहीत घालणार, त्यालाही यात सामील करा.

जावळीकर

सिस्टर, सरावाचं घेतो. आमच्या यात्रा कमिटीपुढे या महिन्यात ठेवतो. खडीवाल्यांचं ग्रामसभेचंही घेतो.

पण वकीलसाहेब, तुमच्या उदाहरणांतून मला तुमच्यापेक्षा वेगळं दिसतं. निर्दोष माणसं अडकली ती माहिती कच्ची होती म्हणून. वरून आलेल्या कच्च्या माहितीपेक्षा जागेवरून आलेली पक्की माहिती बरी, म्हणून तर मी गाव आणतोय. २६/११ नंतर नेमलेल्या प्रधान समितीनेही गुप्तवार्ता हाताळण्यातल्या त्रुटी दाखवल्या होत्या.

कऱ्हाडकर वकील

मग तीन अटी लिहून घ्या. दलाने कोणालाही अडवायचं नाही, झडती घ्यायची नाही, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. कळवायची ती घटना, माणसाचं गाव, धर्म किंवा भाषा नाही. आणि भाडेकरूंची माहिती थेट ठाण्यात जावी, गावात त्याची प्रत राहू नये.

विटेकर

चौथी माझी. चौकशीत काही निघालं नाही तर ठाण्याने त्या माणसाला आणि त्याच्या घरमालकाला तसं लेखी द्यावं. चुलत्यांकडे तेवढा एक कागद असता तर खोली गेली नसती.

जावळीकर

पहिली, दुसरी मान्य. विटेकरांची तर हवीच. तिसरी मात्र पटत नाही. आमच्या वाड्यांपासून ठाणं तासभराच्या वाटेवर आहे, पावसाळ्यात घाटात दरड आली की तेही नाही. रात्री दोनला डोंगरावर दिवा दिसला आणि रेंज नाही, तर पाटलांकडे होमस्टेची नोंद असलीच पाहिजे. नाहीतर वर पाहुणे आहेत की आणखी कोणी, हे कोणाला विचारायचं?

पोलीस पाटील, वाई तालुका

होमस्टेची ठेवू, मजुरांची नको. मालकाने पाहुण्यांचं रजिस्टर ठेवायचं आणि मी ते बघायचं, एवढं पुरे. मजुरांची वही माझ्या घरात आली तर उद्या मतदानाच्या वेळी ती कोण मागेल, हे मला आजच दिसतंय.